लाखात एक : बिस्मथ, अवरक्त किरण आणि मुक्त इलेक्ट्रॉन

१/
सन १८३१. पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे लिओपोल्दो नोबिली आणि माचेदोनिओ मेलोनी या दोन इटालियन शास्त्रज्ञांच्या नावे एक उपकरण मांडले गेले. बिस्मथ आणि अँटिमनी या दोन ठिसूळ धातूंच्या बारीक कांड्या एकाआड एक जोडून केलेली जुडी आणि तिला तारेने जोडलेली एक चुंबकसूची, एवढाच त्याचा पसारा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला माणूस येऊन उभा राहिला की सूची हलू लागे. दिवा नको, स्पर्शही नको. माणसाच्या अंगातून निघणारी आणि डोळ्यांना न दिसणारी ऊब ती जुडी टिपत असे.

पुढची जवळजवळ पन्नास वर्षे तांबड्या रंगापलीकडच्या, म्हणजे अवरक्त, किरणांच्या अभ्यासात शास्त्रज्ञांचा डोळा म्हणजे हीच जुडी. मात्र ज्या बिस्मथने हा अदृश्य प्रकाश दाखवला, तो बिस्मथ स्वतः आतून कसा आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते उलगडण्यास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला, आणि त्या उलगड्याचा महत्त्वाचा भाग अवरक्त किरणांनीच घडवला. हा धागा त्या हकिकतीचा.

२/
बिस्मथ हा धातू युरोपातील खाणकामगारांच्या जुन्या ओळखीचा. सॅक्सनीच्या डोंगरात चांदीच्या शोधात खणताना तो सापडे आणि त्याच्याखाली चांदी असणार अशा समजुतीने कामगार त्याला ‘चांदीचे छप्पर’ म्हणत. गेओर्ग अॅग्रिकोला यांनी १५३० च्या ‘बेर्मानुस’ या संवादग्रंथात त्याची स्वतंत्र धातू म्हणून दखल घेतली. तरीही तो शिशाचाच एक प्रकार असावा हा गोंधळ टिकून राहिला. फ्रान्समध्ये क्लोद जोफ्र्वा यांनी १७५३ मध्ये तो निकालात काढला.

धातू म्हणावे तर याचे वागणे विचित्र. बर्फाप्रमाणे तो गोठताना प्रसरण पावतो. तांब्याच्या तुलनेत तो विजेचे वहन सत्तर-ऐंशी पटींनी कमी करतो. बहुतेक धातू वितळले की त्यांची वाहकता घटते, याची वाढते. लोहचुंबक जवळ आणला तर आकर्षित न होता तो दूर सरतो. हे अँटन ब्रुगमन्स यांनी १७७८ मध्ये पाहिले होते. १८४५ मध्ये मायकेल फॅरडे यांनी अशाच गुणधर्माला प्रतिचुंबकत्व हे नाव दिले, आणि त्यांच्या प्रयोगांतही बिस्मथची कांडी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये टांगली की आडवी होऊन स्थिरावे. या साऱ्या विक्षिप्तपणाच्या नोंदी होत गेल्या. कारण मात्र कोणी सांगू शकले नाही.

३/
अवरक्त किरणांचा शोध याच्या आधीचा, १८०० सालचा. इंग्लंडमध्ये स्लाउ येथे विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि त्यातील एकेका रंगात काळे केलेले तापमापक ठेवले. तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तेथे पारा अधिक चढला. शोध मोठा होता, पण तापमापक हे साधन मंद आणि ढोबळ. त्या बळावर हे किरण सूर्यप्रकाशासारखेच आहेत की वेगळे, याचा निकाल लागणे शक्य नव्हते.

निकालाचे साधन एका चुकीच्या कल्पनेतून आले. १८२१ मध्ये बर्लिनमध्ये थोमास योहान झेबेक यांनी तांबे आणि बिस्मथ यांचे कडे करून एक सांधा तापवला, तेव्हा जवळची होकायंत्राची सूची वळली. उष्णतेने थेट चुंबकत्व निर्माण होते, असा झेबेक यांचा ग्रह झाला आणि तो त्यांनी सहजी सोडला नाही. कड्यातून वीज वाहते आहे आणि सूची त्या विजेने वळते आहे, हा अर्थ ओर्स्टेड यांनी लावला. ‘उष्माविद्युत’ या अर्थाचा शब्दही त्यांचाच.

या कामात बिस्मथ आणि अँटिमनी ही जोडी सर्वांत सरस ठरली. दोन सांध्यांच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल तर या जोडीतून सुमारे १०० मायक्रोव्होल्ट मिळतात. नेहमीच्या धातूंच्या जोड्यांतून त्याचा लहानसा अंश. असे का, हा प्रश्न १८२१ मध्ये विचारण्याचीही सोय नव्हती, कारण इलेक्ट्रॉन ही कल्पनाच पुढे पाऊणशे वर्षांनी यायची होती.

४/
नोबिली यांनी असे अनेक सांधे एका जुडीत बांधले. मेलोनी यांनी तिचे संशोधनाचे साधन केले, आणि त्यांचे आयुष्य या कथेत थोडे थांबून पाहण्याजोगे आहे.

मेलोनी पार्मा येथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १८३१ च्या राजकीय उठावानंतर त्यांना फ्रान्समध्ये आश्रय घ्यावा लागला. पॅरिसमध्ये त्यांच्याजवळ पद नव्हते. ही जुडी होती. तिच्यापुढे त्यांनी एकामागून एक पदार्थांचे तुकडे धरले. काचेतून दिव्याचा प्रकाश जातो, पण त्याची ऊब बरीचशी अडते. सैंधवाच्या, म्हणजे खनिज मिठाच्या, स्वच्छ स्फटिकातून मात्र ती जवळपास सगळी पार होते. अवरक्त किरणांसाठी लोलक आणि भिंगे मिठाची करावीत, हे यातून कळले आणि पुढे शतकभर प्रयोगशाळा तेच करीत राहिल्या. एका पदार्थाला जे किरण पारदर्शक, ते दुसऱ्याला अपारदर्शक. म्हणजे या अदृश्य प्रकाशातही ‘रंग’ आहेत, ही जाणीव मेलोनी यांची.

१८३४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना रम्फर्ड पदक दिले. १८३९ मध्ये ते नेपल्सला गेले, व्हेसुव्हियस वेधशाळेचे पहिले संचालक झाले, आणि तेथून १८४६ मध्ये एक मीटर व्यासाच्या भिंगाने चांदणे एकवटून त्यांनी चंद्रप्रकाशातील ऊब मोजली. शतकानुशतके ‘शीतल’ म्हणून वर्णिलेल्या चांदण्यात उष्णता आहे, हे बिस्मथच्या कांड्यांनी सांगितले. १८४८ च्या क्रांतीनंतर राजकीय संशयावरून त्यांचे पद गेले. १८५४ च्या पटकीच्या साथीत त्यांचा मृत्यू झाला.

५/
शतक उलटताना प्रश्न बदलला. १८९७ मध्ये जे. जे. टॉमसन यांनी इलेक्ट्रॉनची ओळख पटवली, आणि १९०० मध्ये जर्मनीत पाउल ड्रूड यांनी धातूचे एक धाडसी चित्र रेखाटले : धातूच्या आत इलेक्ट्रॉन वायूच्या कणांसारखे मोकळे हिंडतात. विजेचा दाब दिला की ते एका दिशेने सरकतात, अणूंना अडखळतात, पुन्हा सरकतात. धातूची चमकही त्यांचीच करणी. प्रकाश म्हणजे झपाट्याने दिशा बदलणारे विद्युत क्षेत्र. मुक्त इलेक्ट्रॉन त्याच्या तालावर हलतात आणि प्रकाश परत फेकतात.

हे खरे असेल तर धातू किती चमकतो हे तो वीज किती वाहतो यावरून कळले पाहिजे. दृश्य प्रकाशात हिशेब जमत नव्हता. १९०३ मध्ये बर्लिनमध्ये एर्न्स्ट हागेन आणि हाइनरिख रुबेन्स यांनी तोच हिशेब २५ मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात केला. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, दृश्य प्रकाश ०.४ ते ०.७ मायक्रॉनांत संपतो.) तेथे नेहमीच्या धातूंचे परावर्तन त्यांच्या विद्युतवाहकतेशी चांगले जुळले. हे रुबेन्स तेच, ज्यांच्या अवरक्त मोजमापांनी १९०० च्या ऑक्टोबरात माक्स प्लांक यांना नवे प्रारण-सूत्र शोधण्यास भाग पाडले आणि पुंजवादाचे दार उघडले. अवरक्त प्रकाशाने भौतिकशास्त्राला तीन वर्षांत दोनदा वळण दिले, याची आठवण क्वचितच ठेवली जाते.

तांबे, चांदी, सोने यांत जवळपास प्रत्येक अणू एकेक इलेक्ट्रॉन मोकळा सोडतो. बिस्मथमध्ये किती मोकळे असतात? या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रकाशाने आधी दिले नाही. ते चुंबकाच्या बाजूने येऊ लागले.

६/
१९२८ मध्ये केंब्रिजमध्ये प्योत्र कपित्सा यांनी बिस्मथचे स्फटिक क्षणभर टिकणाऱ्या अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यांचा विद्युतरोध मोजला. रोध प्रचंड वाढला. क्षेत्र वाढवावे तसा सरळ रेषेत वाढत गेला. हॉलंडमध्ये लायडनच्या प्रयोगशाळेने हेच मोजमाप हाती घेतले. तेथे कामर्लिंग ओनेस यांनी १९०८ मध्ये हेलियम द्रवरूप केला होता. त्यामुळे अतिशीत तापमान ही त्या प्रयोगशाळेची खास मिरास. सोव्हिएत संघातून आलेला लेव्ह शुब्निकोव्ह नावाचा तरुण तेथे वांडर डी हास यांच्याबरोबर काम करीत होता.

शुब्निकोव्ह यांचे कौशल्य स्फटिक वाढवण्याचे. बिस्मथ पुन्हा पुन्हा वितळवून, पुन्हा पुन्हा स्फटिक करून त्यांनी तो असाधारण शुद्ध केला. यात चकचकीत असे काही नाही, निव्वळ चिकाटीचे काम; पण पुढचे सारे त्यावर उभे आहे. १९३० मध्ये द्रवरूप हायड्रोजनच्या तापमानात मोजताना रोधाची रेषा सरळ राहिली नाही. ती लाटांसारखी वरखाली होऊ लागली. त्याच वर्षाअखेरीस डी हास आणि त्यांचे विद्यार्थी पीटर फान आल्फेन यांना बिस्मथच्या चुंबकनातही तशाच लाटा दिसल्या.

योगायोग असा की त्याच १९३० मध्ये लेव्ह लांडाऊ यांनी चुंबकीय क्षेत्रातील मुक्त इलेक्ट्रॉनांना ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्यांवरच राहता येते हे दाखवले होते. क्षेत्र वाढवले की पायऱ्या एकेक करून वर सरकतात, रिकाम्या होतात, आणि गुणधर्मात लाटा उठतात. लांडाऊ यांनी या लाटांचा उल्लेखही केला. मात्र प्रत्यक्ष प्रयोगात त्या दिसणार नाहीत असे त्यांना वाटले. लायडनमध्ये त्या दिसत होत्या.

७/
शुब्निकोव्ह १९३० मध्ये खारकोव्हला परतले आणि तेथील अतिशीत प्रयोगशाळा त्यांनी नावारूपाला आणली. अतिसंवाहक मिश्रधातूंवरचे त्यांचे काम आजही पाठ्यपुस्तकांत आहे. १९३७ च्या ऑगस्टमध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्यांना अटक केली आणि १० नोव्हेंबर १९३७ रोजी गोळी घातली. वय छत्तीस. त्यांची पत्नी ओल्गा त्रापेझ्निकोवा स्वतः भौतिकशास्त्रज्ञ, लायडनमध्येही त्यांच्यासोबत होत्या. पतीचे खरे काय झाले हे त्यांना कित्येक वर्षे कळू दिले गेले नाही. १९५० च्या दशकात शासनाने शुब्निकोव्ह यांना निर्दोष ठरवले. ज्या लाटांना ‘शुब्निकोव्ह–डी हास परिणाम’ म्हणतात, त्या नावामागे हे मरण आहे.

८/
आता कोड्याच्या गाभ्याकडे. १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे हॅरी जोन्स यांनी बिस्मथचे कोडे पुंजयामिकीच्या आधारे सोडवले.

बिस्मथच्या अणूत बाहेरच्या कक्षेत पाच इलेक्ट्रॉन असतात आणि स्फटिकाच्या मूळ घटकात अणू असतात दोन. एकूण दहा. स्फटिकात इलेक्ट्रॉनांना राहण्यासाठी ऊर्जेचे पट्टे असतात आणि प्रत्येक पट्ट्यात दर घटकामागे दोघांना जागा. दहा इलेक्ट्रॉन म्हणजे पाच पट्टे काठोकाठ भरलेले, त्यावरचा सहावा रिकामा. भरलेल्या पट्ट्यात हालचालीस वाव नाही, रिकाम्यात हालणारे कोणी नाही. या हिशेबाने बिस्मथ विद्युतरोधक ठरायला हवा. पण पाचव्या पट्ट्याचा माथा सहाव्याच्या तळापेक्षा किंचित, अगदी किंचित, वर येतो. मग भरलेल्या पट्ट्यातले थोडे इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात सांडतात आणि खाली तितक्याच रिकाम्या जागा, ‘पोकळ्या’, मागे राहतात. या पोकळ्या धनभारित कणांसारख्या वागतात.

सांडणारे इलेक्ट्रॉन किती? एका घन सेंटिमीटर बिस्मथमध्ये सुमारे २८,००० अब्ज अब्ज अणू असतात आणि अतिशीत तापमानात मोकळे इलेक्ट्रॉन सुमारे ०.३ अब्ज अब्ज. म्हणजे लाख अणूंमागे एक! ‘लाखात एक’ हा शब्दप्रयोग बिस्मथच्या इलेक्ट्रॉनाला अक्षरशः लागू पडतो. धातूच्या मानाने अत्यल्प, रोधकाच्या मानाने पुष्कळ. अशा पदार्थांना अर्धधातू म्हणतात. अँटिमनी, आर्सेनिक आणि ग्रॅफाइट हे त्याच कुळातले.

झेबेक यांच्या कड्याचे रहस्यही येथेच आहे. तांब्यात इलेक्ट्रॉनांची एवढी दाटी असते की उष्णतेने फारच थोड्यांच्या स्थितीत फरक पडतो. बिस्मथमध्ये मोजकेच इलेक्ट्रॉन, त्यांची ऊर्जाही तुटपुंजी. साध्या उबेने त्यांची सगळी मांडणी हलते. मेलोनी यांची जुडी माणसाच्या ऊबेला जागी होई ती या गरिबीमुळे.

९/
जोन्स यांच्या चित्राला मोजमापाचा आधार हवा होता. डेव्हिड शोएनबर्ग १९३७–३८ मध्ये मॉस्कोला कपित्सा यांच्या संस्थेत बिस्मथच्या चुंबकीय लाटा मोजत होते. लाटांवरून आतले इलेक्ट्रॉन कसे विखुरले आहेत हे काढण्याचे सूत्र त्यांना लांडाऊ यांच्याकडून मिळाले. एप्रिल १९३८ मध्ये लांडाऊ यांना अटक झाली. शोएनबर्ग केंब्रिजला परतले तेव्हा ते तुरुंगातच होते. १९३९ मध्ये शोएनबर्ग यांचा लेख लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. लांडाऊ यांचे सूत्र जगासमोर आले ते त्या लेखाच्या परिशिष्टात. कपित्सा यांनी वरिष्ठांकडे धरलेल्या आग्रहामुळे लांडाऊ वर्षभरात सुटले. शुब्निकोव्ह यांच्यासाठी वेळ निघून गेली होती.

त्याच सुमारास कलकत्त्यातही अर्धधातूच्या मुक्त इलेक्ट्रॉनांवर काम चालले होते. इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत कार्यमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन आणि त्यांचे सहकारी एन. गांगुली ग्रॅफाइटच्या स्फटिकांचे प्रतिचुंबकत्व मोजत होते. थरांच्या लंब दिशेने ते अतिशय प्रबळ, थरांच्या समांतर दिशेने क्षीण. ही प्रबळता मुक्त इलेक्ट्रॉनांची आहे, असा अर्थ त्यांनी लावला, आणि १९४१ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच ग्रॅफाइटमधील ‘मुक्त इलेक्ट्रॉन’ हे शब्द आहेत. ग्रॅफाइट या कथेत पुन्हा येणार आहे.

१०/
आता अवरक्त प्रकाशाकडे परत. मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाश परत फेकतात, पण कोणताही प्रकाश नव्हे. झोपाळ्याला सावकाश ढकलले तर तो हाताबरोबर येतो. अतिवेगाने पुढेमागे हिसके दिले तर जागचा हलत नाही. इलेक्ट्रॉनांचेही तसेच. प्रकाशाची कंपने त्यांच्या आवाक्यात असतील तर ते त्याला अडवून परत पाठवतात. आवाक्याबाहेर गेली की प्रकाश आत शिरतो. या सीमेला प्लाझ्मा-सीमा म्हणतात. १९३३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वुड यांनी सोडियमसारखे धातू अतिनील प्रकाशाला पारदर्शक होतात हे दाखवले आणि क्लॅरेन्स झेनर यांनी त्याचा अर्थ सांगितला. सोडियमची सीमा ०.२१ मायक्रॉनच्या जवळ आहे.

बिस्मथची सीमा कोठे असावी? मुक्त इलेक्ट्रॉनांची दाटी सोडियमच्या सुमारे लाखाव्या भागाइतकी. सीमेची तरंगलांबी दाटीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे तीनशे पटींहून थोडी अधिक. गुणाकार केला की येतात ६५-६६ मायक्रॉन. दृश्य प्रकाशाच्या कितीतरी पलीकडे, थेट दूर-अवरक्तात.

या सोप्या हिशेबात दोन गोष्टी गाळल्या आहेत. स्फटिकातला बिस्मथचा इलेक्ट्रॉन मोकळ्या इलेक्ट्रॉनाच्या मानाने ढोबळमानाने शंभरपट हलका असल्यासारखा वागतो, त्यामुळे तो चपळ होतो. उलट, बाकीचा स्फटिक विद्युत क्षेत्राला इतका लवचीक प्रतिसाद देतो की त्या क्षेत्राचा जोर शंभरपट उतरतो. हे दोन शंभर एकमेकांना जवळपास खोडून टाकतात. निसर्गाने असा सोयीचा हिशेब सहसा करून ठेवलेला नसतो.

११/
त्यातला दुसरा शंभर मोजला गेला तो अमेरिकेत न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत. विलर्ड बॉइल हे कॅनडाचे. बालपण क्वेबेकमधील लाकूडतोड्यांच्या वस्तीत गेले. चौदा वर्षांपर्यंत शाळा नाही, आईनेच शिकवले. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या विमानदलात, मग मॅकगिल विद्यापीठात डॉक्टरेट, आणि १९५३ पासून बेलमध्ये.

दूर-अवरक्तात काम करणाऱ्याची पहिली अडचण मेलोनी यांचीच : पाहायचे कशाने? तेथे प्रकाशाचे उगम क्षीण, आणि खोलीतली प्रत्येक वस्तू स्वतःच अवरक्त उजेड टाकत असते. बॉइल आणि के. एफ. रॉजर्स यांनी रेडिओत वापरतात तसला साधा कार्बनचा रोधक घेतला, त्याची पातळ चकती काढली आणि ती द्रवरूप हेलियमच्या तापमानात नेली. त्या थंडीत कार्बनचा रोध उष्णतेच्या लेशानेही झपाट्याने बदलतो. १९५९ मध्ये जाहीर झालेले हे साधन पुढे अनेक प्रयोगशाळांनी उचलले. पैशाच्या मानाने क्षुल्लक, उपयोगाच्या मानाने अमूल्य.

त्याच वर्षी या दोघांनी बिस्मथच्या पातळ स्फटिकातून अवरक्त प्रकाश पाठवला आणि चुंबकीय क्षेत्र हळूहळू वाढवले. पार होणारा प्रकाश लाटांसारखा कमी-अधिक होऊ लागला. शुब्निकोव्ह यांनी विजेच्या रोधात पाहिलेल्या लाटांच्याच जातीच्या लाटा आता प्रकाशात दिसत होत्या. १९६० मध्ये बॉइल आणि ए. डी. ब्रेल्सफर्ड यांनी अतिशीत बिस्मथचा दूर-अवरक्तातला सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. स्फटिक-जालकाचा विद्युत-अपार्यता स्थिरांक त्यात सुमारे १०० आला. सिलिकॉनचा १२, जर्मेनियमचा १६. त्यांच्यापुढे हा आकडा अवाढव्य. हेलियमची थंडी येथे आवश्यकच होती : बिस्मथच्या इलेक्ट्रॉनांची स्वतःची ऊर्जा खोलीच्या तापमानातील उष्णतेच्या ऊर्जेइतकीच असल्याने साध्या हवेत त्यांची संख्या अनेक पटींनी वाढते आणि सीमाही जागेवरून सरकते.

बॉइल यांचे पुढचे सहकारी जॉर्ज स्मिथ यांनीही १९५९ मध्ये शिकागो विद्यापीठात डॉक्टरेट मिळवली ती बिस्मथवरच. विषय होता त्यातील विद्युतप्रवाहाचे पृष्ठभागाजवळचे वर्तन. ऑक्टोबर १९६९ मध्ये या दोघांनी मिळून सीसीडी या प्रकाशग्राही सिलिकॉन चकतीची कल्पना मांडली, दुर्बिणींपासून घरगुती कॅमेऱ्यांपर्यंत तिने छायाचित्रण बदलले, आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्या दोघांच्या ओळखपत्रावर जग ‘सीसीडी’ एवढेच वाचते. त्याआधीची बिस्मथची वर्षे नोबेलच्या बातम्यांत फारशी आली नाहीत.

१२/
मॅसॅच्युसेट्समधील लिंकन प्रयोगशाळेत बेंजामिन लॅक्स यांचा गट दुसऱ्या बाजूने जात होता. पार झालेला प्रकाश न मोजता ते परत फिरलेला प्रकाश मोजत. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनांच्या पायऱ्या तयार झाल्या की योग्य ऊर्जेचा अवरक्त कण इलेक्ट्रॉनाला खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर उचलतो आणि त्या क्षणी परावर्तनात खूण उमटते. १९६३ मध्ये ब्राउन, मॅव्ह्रॉइडिस आणि लॅक्स यांनी बिस्मथच्या अशा खुणांची मालिकाच प्रसिद्ध केली. खुणांमधली अंतरे नेहमीच्या सूत्रात बसत नव्हती. बिस्मथच्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा आणि संवेग यांचे नाते आइन्स्टाइनच्या सापेक्षतेतील नात्याच्या साच्याचे निघाले. फक्त प्रकाशवेगाच्या जागी त्याच्या सुमारे तीनशेवा भाग. १९६४ मध्ये पीटर वोल्फ यांनी त्याचे समीकरण डिरॅक यांच्या समीकरणाशी जुळते हे दाखवून दिले. ग्राफीनमुळे ‘डिरॅक इलेक्ट्रॉन’ हा शब्द घरोघरी जाण्याच्या चाळीस वर्षे आधीची ही गोष्ट.

१३/
याच प्रयोगशाळेत १९६० मध्ये मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस दाखल झाल्या. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात गरिबीत वाढलेल्या, हंटर महाविद्यालयात रोझलिन यॅलो यांच्या विद्यार्थिनी, शिकागोत डॉक्टरेट. पती जीन हेही भौतिकशास्त्रज्ञ. एकाच कुटुंबातील दोघांना नोकरी न देण्याचा नियम तेव्हा अनेक अमेरिकी संस्थांत होता. दोघांना घेणाऱ्या मोजक्या जागांपैकी लिंकन एक. लहान मुले चार. सकाळी आठच्या ठोक्याला हजर राहणे जमत नसे आणि अर्ध्या तासाच्या उशिराबद्दल बोलणी बसत.

त्यांनी विषय निवडला ग्रॅफाइटच्या चुंबकीय परावर्तनाचा. पुढे त्या स्वतः मोकळेपणाने सांगत की हा विषय अवघड मानला जाई, त्यामुळे त्यात फारसे कोणी नव्हते. मूल आजारी पडले आणि चार दिवस घरी राहावे लागले तरी शर्यत हरण्याची भीती नव्हती. लाख अणूंतल्या मूठभर इलेक्ट्रॉनांचे शास्त्र असे गर्दी नसलेल्या वाटेने पुढे सरकले.

१९६४ मध्ये त्यांनी आणि मॅव्ह्रॉइडिस यांनी ग्रॅफाइटच्या आतल्या इलेक्ट्रॉनांचा आणि पोकळ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. ऊर्जेच्या त्या नकाशात कोणत्या जागी इलेक्ट्रॉन आणि कोणत्या जागी पोकळ्या, हे मात्र त्या खुणांवरून थेट कळत नव्हते. तेव्हाची सर्वमान्य समजूत त्यांनी स्वीकारली होती.

१४/
१९६७ मध्ये त्या एमआयटीत गेल्या. दरम्यान लेसर आले होते. पॉल श्रोडर हा विद्यार्थी, हेलियम-निऑन लेसरचे एक निर्माते अली जावान, आणि ड्रेसेलहाउस यांनी मिळून जुना प्रयोग नव्या प्रकाशाने करायचे ठरवले. या वेळी अवरक्त प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित होता, म्हणजे त्याचे विद्युत क्षेत्र पुढे जाताना डावीकडे किंवा उजवीकडे फिरत जाई.

चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन एका दिशेने प्रदक्षिणा घालतात, पोकळ्या उलट दिशेने. डावा प्रकाश एकाला ओळखतो, उजवा दुसऱ्याला. एवढा साधा भेद, पण तोपर्यंतच्या ग्रॅफाइटच्या मोजमापांत तो कोणी तपासला नव्हता.

उत्तर आले ते उलटे. जेथे पोकळ्या असल्याचे सारे मानत होते तेथे इलेक्ट्रॉन होते, आणि जेथे इलेक्ट्रॉन मानले होते तेथे पोकळ्या. १९६८ मध्ये श्रोडर, ड्रेसेलहाउस आणि जावान यांनी हे ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये जाहीर केले. दशकभर वापरात असलेल्या सैद्धांतिक प्रतिमानात एका राशीचे चिन्ह बदलावे लागले. चुकीच्या ठरलेल्या निष्कर्षांत ड्रेसेलहाउस यांचा स्वतःचा चार वर्षांपूर्वीचा नकाशाही होता. त्यावरची नावे अदलाबदल करून तो तसाच पुढे वापरात राहिला.